इंजिन बंद करा

मी तोंडाची फटकळ आहे. शाळेत पोरं मला टरकून असतात, घरात वडीलसुद्धा माझ्याशी जपून बोलतात. पण निंबोल्याच्या थांब्यावर सकाळची बस येऊन उभी राहिली की माझी दातखीळ बसायची. तिची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्याही वर. उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, काखेत दोन कुबड्या, पाठीवर पिशवी. चढायचं कसं, तुम्हीच सांगा.

दोन वर्षं भाऊ मोटरसायकलवरून लोधीपुऱ्यात, मी शिकवते त्या शाळेत सोडत होता. तो कामासाठी सुरतेला गेला, तेव्हा वडिलांनी सरळ सांगून टाकलं, "बसने जा. पण एकदा जरी पडलीस, तर नोकरी सोडायची." त्यांचं तरी काय चुकत होतं? आई गेल्यावर मला उचलायला घरात तेच एकटे होते. पण शाळा सुटली असती तर मी दिवसभर भिंतीकडे बघत बसले असते, आणि त्याची मला पडण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

थांब्याशेजारी केळीच्या गाड्या भरतात. तिथल्या एका काकांनी माझी धडपड बघून पायरीखाली केळी भरायचं कॅरेट पालथं ठेवायला सुरुवात केली. कॅरेटच्या भोकात कुबडीचं टोक अडकायला लागलं, म्हणून त्यावर बारदानाची घडी टाकली. सरकारी कागदांत ज्याला दिव्यांगांसाठी सुविधा म्हणतात ती आमच्याकडे एवढीच, आणि तीही काकांच्या पदरची.

तरी जीव मुठीतच असायचा, कारण ड्रायव्हर इंजिन कधी बंद करायचा नाही. कुबड्या कंडक्टरच्या हातात, माझे दोन्ही हात दांडीला, आणि बस नुसती थरथरतेय. याचा पाय क्लचवरून सुटला तर? रोज डोक्यात तेवढंच.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात ते झालंच. डावा पाय पायरीवर टेकवला आणि बस हातभर पुढे सरकली. कॅरेट मागे राहिलं, मी दांडीला लोंबकळले. लुळा पाय खाली लटकत होता आणि मागचं चाक त्याच्यापासून किती लांब आहे, तेवढंच मला दिसत होतं. कंडक्टरने दंडाला धरून आत ओढलं म्हणून वाचले. त्या दिवशी शाळेत नेहमीसारखी हजेरी घेतली. घरी मी अवाक्षर काढलं नाही. दंडावर काळंनिळं झालं होतं, ते लांब बाह्यांखाली झाकलं.

दुसऱ्या दिवशी मी कॅरेटकडे गेलेच नाही. ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. "भैया, पहले इंजिन बंद करो. फिर चढूंगी." आवाज इतका बारीक निघाला की दोनदा सांगावं लागलं. तो नाही नाही म्हणत राहिला, आतून लोक उशीर होतोय म्हणून कटकट करायला लागले. मी हलले नाही. खरं सांगायचं तर पाय उचलतच नव्हता. शेवटी वैतागून त्याने इंजिन बंद केलं आणि मी पहिल्यांदा न कापता वर चढले.

आणि बस काही केल्या सुरू होईना. तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारा स्टार्टर, खराब होता, म्हणून तो बिचारा इंजिन बंद करत नव्हता. मग काय, अख्खी बस धक्का मारायला खाली उतरली. हातात जेवणाचे डबे घेतलेले कारकून उतरले, म्हातारी माणसं उतरली, केळीवालेही आले. आत मी एकटी, सीट घट्ट धरून. बाहेर कोणीतरी म्हणालं, "कल से इसको बिठाना ही मत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी वडील माझ्याबरोबर थांब्यावर आले. गावात कोणीतरी सांगितलं असणार. बस दिसली, थांब्यापर्यंत आली आणि न थांबता पुढे निघून गेली. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. वडिलांकडे बघायची माझी हिंमत होईना.

पुढे रस्ता जिथे पुलाकडे उतरतो, तिथे बस उभी राहिली आणि तिचा आवाज बंद झाला. उतारावर सेल्फ लागत नाही, गाडी गिअरमध्ये टाकून सोडली की आपोआप सुरू होते. कंडक्टरने उतरून चाकाखाली दगड लावला. काका कॅरेट आणि बारदान घेऊन तिकडे धावले. माझ्यापासून बस चाळीस-पन्नास पावलांवर होती. बाजूने ट्रक धडाधड जात होते आणि बसच्या खिडक्यांमधून सगळे माझ्याकडे बघत होते. वडील आता घरी चल म्हणणार, याची मला खात्रीच होती.

त्यांनी माझ्या पाठीवरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि ट्रक जात होते त्या बाजूला, माझ्या आड येऊन उभे राहिले.

"चल," ते म्हणाले, "लोक थांबलेत तुझ्यासाठी."