पांझरेचं पांझरेला

आमचे थेंबसर कुणाच्याही घरी गेले, की पाण्याचा पेला आधी उजेडात धरत आणि मग म्हणत, "बरीच मंडळी आहेत." यजमानीण ओशाळायची. सर मात्र मंडळींसकट पाणी पिऊन टाकत.

साठच्या दशकात धुळ्याला देवपुरातल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. सूक्ष्मदर्शक नव्हता. अमीबा फळ्यावर खडूनं काढलेला, बटाट्यासारखा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पदवी मिळणार असेल तर बटाट्यावरही विश्वास ठेवायला मी तयार होतो. सर तयार नव्हते. "जो हलत नाही त्याला मी जीव कसा म्हणू?" असं म्हणत त्यांनी वर्षभर एका मारवाडी शेठजींच्या पेढीवर खेटे घातले आणि यंत्र मिळवलं.

उद्‌घाटनाला नारळ फुटला. प्राचार्य नळीला डोळा लावून म्हणाले, "अद्‌भुत." अध्यक्ष म्हणाले, "अद्‌भुतच." मग शेठजी वाकले आणि म्हणाले, "मला तर अंधारच दिसतो." सरांनी नळीखालचा, भिंतीकडे वळलेला आरसा खिडकीकडे फिरवला.

शेठजी बराच वेळ वाकलेलेच राहिले. पांझरा नदीच्या थेंबात चपलेच्या आकाराचे जीव धावत होते. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, बघून झाल्यावर यांचं काय करता?"

प्राचार्यांनी डोळे वटारले. पण सरांना खोटं जमत नसे. "फडक्यानं पुसतो."

"मग यंत्र परत द्या. आमच्या घरात पाणी गाळलं, की गाळण्यातले जीवसुद्धा ज्या विहिरीचे त्या विहिरीत सोडतात."

वर्षभराचे खेटे पाण्यात जाणार होते. देवळासमोर कधी हात न जोडणारे सर म्हणाले, "आजपासून पांझरेचं पांझरेला."

तेव्हापासून तास संपला, की काचपट्ट्या एका पेल्यात धुवायच्या आणि पेला घेऊन सरांनी नदीवर जायचं. कॉलेजभर टिंगल झाली. घाटावर धुणं धुणारी अक्का रोज विचारायची, "काय सर, आज कोन गया?" तिला वाटायचं, अस्थीच आणल्यात. सर म्हणत, "कुणी गेलं नाही, अक्का. सगळे घरी आलेत." उन्हाळ्यात पांझरा आटली, की पेला प्रयोगशाळेच्या खिडकीत झाकून ठेवत.

पुढे शेठजी वारले. प्राचार्य म्हणाले, "आता कोण बघायला येतंय?" सर म्हणाले, "ते बघायला कधीच आले नव्हते."

मी तिथंच डेमॉन्स्ट्रेटर झालो त्या वर्षी सर निवृत्त होऊन जळगावला, मुलाकडे निघाले. एसटी हलली तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणाले, "पेला खिडकीत आहे."

पांझरेला पाणी आलं त्या दिवशी मी पेला घेऊन घाटावर गेलो. पदवीधर माणूस, इकडंतिकडं बघत हळूच ओतला. अक्कानं हात थांबवून विचारलंच, "आज कोन गया रे भाऊ?"

कॉलेजात गेल्यापासून मी घरची अहिराणी चारचौघांत बोलत नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"सर गयात, अक्का."