मी, नारळ आणि मतलई वारा

खारे वारे आणि मतलई वारे हा भूगोलाचा धडा मी शाळेत शिकलो नाही. त्याची परीक्षा मात्र मला बत्तिसाव्या वर्षी भर समुद्रात द्यावी लागली. तीही तोंडी!

मी मूळचा बीडकडचा. आमच्याकडे पाणी टँकरमध्ये असतं, असं मोकाट पसरलेलं फक्त नकाशात पाहिलेलं (नकाशाही नववीपर्यंतच. पुढे शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं). पंप दुरुस्त करत करत कोकणात वेळणेश्वरला पोचलो आणि तापानं आडवा झालो. तिथल्या तात्यांनी परक्या माणसाला पडवीत जागा दिली, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आताच्या आईंनी, पेज पाजली, आणि ताप उतरल्यावर मुलगीही दिली! हे उपकार फेडायचे कसे, या काळजीनं मी आजही झोपेत दचकतो.

संधी आली ती तात्यांच्या शिडाच्या होडीमुळे. तात्यांचे गुडघे गेलेले, मेव्हण्याला बोट लागते. एका रिसॉर्टवाल्यानं होडी मागितली. कशाला? हिरवळीवर ठेवून तिच्यात झेंडू लावायला! तात्यांना जेवण जाईना.

"तात्या, मी चालवीन!" माझ्या तोंडून निघून गेलं.

महिनाभर तात्यांनी मला खाडीत शिकवलं. मग ठरलं: मी एकट्यानं होडी अंजनवेलला न्यायची. जमलं तर होडी घरात, नाही तर झेंडूत.

पहाटे निघताना तात्या म्हणाले, "जावईबापू, मतलई वारा हाय, जमिनीवरून दर्यात ढकलील. किनारा उजव्या हाताला ठेवा. लांब जाऊ नका."

बायकोनं लाल दोरा बांधलेला नारळ हातात दिला. "अहो, आधी दर्याला नारळ द्या हां."

नारळ मी पिशवीत ठेवला. कानाशी हलवून पाहिलेला, चांगला पाणीदार! बीडच्या माणसाच्या हातून पाणी असं वाया जात नाही.

थोडं पुढे जातो तो किनाऱ्याला खडक दिसले. घाबरलो. म्हटलं, जरा लांबून जाऊ. तोंड फिरवलं, वारा पाठीवर घेतला, आणि होडी काय पळाली! मी शीळसुद्धा घातली. सहज मागं वळून पाहिलं, तर माडांची कोथिंबीर झालेली!

फोन लावला. "तात्या! जमीन चाललीय!"

"जमीन नाय चालत. तुम्ही चाललात. कुठं?"

"बहुतेक ओमानला!"

"शीड उतरवा आधी!"

उतरवलं. "आता?"

"आता बसा. दुपारी खारा वारा सुटेल, तो आणून सोडील."

"आणि नाही सुटला तर?"

तेवढ्यात मागून बायको, "अहो, नारळ दिलात ना?"

मी पिशवी चाचपली.

"अहो?"

"...पिशवीत आहे."

मग आईंचा आवाज, "गो बाय! ह्यांनी दर्याचा नारळ चटणीला ठेवला!"

नारळ पाण्यात सोडला. डोळे मिटून माफी मागितली. डोळे उघडले, तर नारळ होडीला चिकटून! वल्ह्यानं लांब ढकलला. परत आला. टक्! टक्! फळीवर.

"तात्या, दर्या घेत नाही हो!"

"अहो, एकाच पाण्यात दोघं वाहताय. तो जाईल कुठं?"

आणि फोनची बॅटरी संपली!

पुढचे चार तास आम्ही दोघंच. बाटलीतलं पाणी संपलं. घशाला कोरड, आणि हातभर अंतरावर तो पाणीदार नारळ. पण दिलेला! परत कसा घेणार?

दुपारी पश्चिमेचा वारा गालाला लागला. रडत रडत शीड चढवलं. अंजनवेल राहिलं बाजूला. होडीनं मला आणलं वेळणेश्वरला, निघालो त्याच वाळूवर! अर्धा गाव जमलेला. रिसॉर्टवाला तर मापाची टेप घेऊन हजर!

तात्या लंगडत आले. आधी होडीवर हात फिरवला, मग माझ्या डोक्यावर. रिसॉर्टवाल्याला म्हणाले, "एवढं येडं माणूस घरी घेऊन आली. हिला झेंडूत घालू?"

मी हळूच विचारलं, "आणि मी, तात्या?"

"तुम्ही खाडीत. गुडघाभर पाण्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वाळूवरून एक नारळ घेऊन आल्या. लाल दोरा तसाच होता.

म्हणजे समुद्रानं दोन्ही वस्तू परत केल्या. नारळाची चटणी झाली. माझं काय करायचं, ते घरात अजून ठरायचंय.