तेराव्या कॅसेटचं सील

व्हिडिओ लायब्ररीच्या भिंतीवर मांडलेली ती रंगीत खोकी आतून रिकामी असायची, हे तुम्हांला माहीत असेल तर तुम्ही एक तर लायब्ररी चालवलीय, किंवा लायब्ररीत चोरी केलीय. नवी कॅसेट आली की आम्ही ती लगेच खोक्यातून बाहेर काढायचो, साध्या काळ्या डबीत घालायचो, डबीवर नंबर टाकायचो आणि डबी काउंटरखाली ठेवायचो. खोकं जायचं भिंतीवर. ते पिचकू नये म्हणून आत थर्माकोलचा तुकडा. टीव्हीच्या दुकानात तो फुकट मिळायचा. मी ब्लेडने कॅसेटच्या मापाचा कापायचो आणि त्याच्यावरही लायब्ररीचा गोल शिक्का मारायचो. थर्माकोल कोण चोरणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण मी चोवीस वर्षांचा होतो, प्रोप्रायटर होतो आणि हातात शिक्का होता.

नव्वदच्या दशकाचा मध्य. दुकान कोपरखैरण्यात, गाळा बोनकोडे गावातल्या एका काकांचा. काकांच्या भातशेतीवर सेक्टर उभा राहिला होता आणि त्या सेक्टरात काकांचे चार गाळे. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए लायब्ररी," म्हणायचे. आमच्यात न लिहिलेला करार होता: मी भाड्याला आठ दिवस उशीर करायचा, आणि त्यांनी कुठलीही कॅसेट फुकट न्यायची, हवे तितके दिवस ठेवायची. त्यामुळे काकांकडे गेलेली कॅसेट मी ती परत येईपर्यंत साफ विसरून जायचो. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक भाभी राहायच्या. मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या, नवरा कुवेतला स्टोअरकीपर, दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचा. त्यांच्या व्हीसीआरचं हेड मीच साफ करून द्यायचो. एक दिवस म्हणाल्या, "हा एक खोका घेऊन जा बाबा, शोकेसमध्ये जागा नाही उरली. बदल्यात आम्हांला वर्षभर मेंबरशिप माफ."

खोक्यात तेरा कॅसेटी. जपानी कार्टूनची एक अख्खी मालिका, अरबीत डब केलेली. मी तोपर्यंत कार्टून म्हणजे उंदीर-मांजर समजत होतो. इथे माणसं होती, ढगांतून पोहणारा एक लोखंडी देवमासा होता, आणि प्रत्येकाचे डोळे बशीएवढे.

पण मला वेड लावलं ते आतल्या चित्रांनी नाही, बाहेरच्या पॅकिंगने. प्रत्येक खोक्यावर दिनारमध्ये किमतीचं स्टिकर. मी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, मग सेल बदलून परत केला. एका कॅसेटच्या पैशांत माझ्याकडे तीन हिंदी पिक्चर आले असते. आणि आत काय? तीन तासांच्या कॅसेटमध्ये एपिसोड दोन. पाऊण तासात खेळ खलास, पुढे पडद्यावर नुसत्या मुंग्या. सगळी मालिका चार कॅसेटींत आरामात बसली असती. म्हणजे हे लोक चार कॅसेटींचा माल तेरा खोक्यांत भरून नऊ खोकी हवा विकत होते. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

त्याहून वर कडी म्हणजे खोक्यांच्या कडा. प्रत्येक कडेवर नुसता निळा-करडा धब्बा. पण तेराही खोकी ओळीने उभी केली की देवमासा तयार. पहिल्यावर तोंड, तेराव्यावर शेपूट. आता सांगा, अकरा कॅसेटी घेतलेला माणूस बिनशेपटीचा मासा घरात ठेवेल का? काय डोकं असतं एकेकाचं.

त्या दिवशी खोका उचलून भाभींचा जिना उतरतोय तोवर भाभींची आठवीतली मुलगी धावत आली.

"अंकल, तेरावी फोडायची नाही."

चोविसाव्या वर्षी अंकल. मी कठडा धरला.

तेराव्या कॅसेटवरचं पातळ प्लास्टिक अजून तसंच होतं. तिने कारण सांगितलं. मागच्या सुट्टीत अब्बांनी शेजारी बसून बारा कॅसेटी समजावून दिल्या होत्या. घरात अरबी एकट्या त्यांनाच येतं. तेरावीच्या आधी सुट्टी संपली. एअरपोर्टवर ठरलं, शेवट दोघांनी मिळून बघायचा. "दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "मी त्या प्लास्टिकला नखसुद्धा लावलं नाही."

शहाणा माणूस म्हणाला असता, मग ही एक घरी ठेव. मी म्हणालो, "अगं, शेपटीशिवाय मासा कसा दिसेल? भिंतीवर राहू दे. मी हात लावणार नाही. प्रॉमिस."

"नक्की?"

"अंकलवर भरवसा नाही?" असं मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो.

मग मी माझं डोकं चालवलं. पहिल्या कॅसेटचं भाडं दोन रुपये, पुढच्या प्रत्येक कॅसेटला एक रुपया वाढ. व्यसन लावायचं स्वस्तात, वाढवायचं महागात. शिवाय अरबी कुणाला कळणार, म्हणून प्रत्येक डबीत गोष्टीची चिठ्ठी, मराठीत, एक रुपया वेगळा. अरबी मलाही येत नव्हतं, पण त्याने काय अडतं? मी आवाज बंद करून बघायचो आणि सुचेल ते लिहायचो. आखूड केसांचा एक शूर मुलगा. पांढऱ्या दाढीचे प्रेमळ आजोबा. आणि काळा कोट घातलेला एकडोळ्या बदमाश. तो सारखा पळत असायचा, म्हणून मी दर चिठ्ठीत त्याच्यावर एक नवी चोरी घालायचो. सातव्या कॅसेटपर्यंत त्याने मंदिराचा कळसही पळवला होता.

मालिका अशी चालली की मला माझाच हेवा वाटायला लागला. सगळ्यात जास्त वेड काकांच्या घराला. सुना, नातवंडं, काकी, सगळे. मोठी सून चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि काळा कोट दिसला की अख्खं घर त्याला शिव्या घालायचं. मग बारावी संपली आणि काका दुकानात आले.

"तेरावी दे."

"ती सील आहे, काका. दुसऱ्याची आहे."

"मंग सील फोर."

"वचन दिलंय."

"काल्या कोटवाल्याला पकरला का नाय, येवरा सांग मना."

"मला तरी कुठे माहीत?"

"तुना नाय माहीत? मंग चिठ्ठ्या कोन लिवतं?" त्यांनी छताकडे बघितलं. "गाल्याला रंग माराचा हाय. आठ दिस बंद ठेवाला लागंल तुना."

मी सील फोडलं. तेरावीचं भाडं चौदा रुपये होतं, पण काकांना सगळं फुकट. म्हणजे दीड वर्ष जपलेलं ते प्लास्टिक मी शून्य रुपयांत फाडलं. पुढचं सगळं हातांनी सवयीने केलं: कॅसेट काळ्या डबीत, डबी काकांच्या पिशवीत, खोक्यात थर्माकोल, थर्माकोलवर शिक्का, खोकं भिंतीवर.

तीन दिवसांनी मुलगी नाचत आली. "अब्बा शुक्रवारी येतायत. उद्या संध्याकाळी अख्खा खोका न्यायला येते, सुट्टीपुरता." लांबूनच तिने भिंतीवरच्या शेपटीकडे बघितलं. मी मध्ये उभा राहिलो आणि हवापाण्यावर बोललो.

आता माझ्या डोक्यात एकच गोष्ट: सील. साडीचं प्लास्टिक गुंडाळून आईची इस्त्री फिरवली. प्लास्टिक इस्त्रीला चिकटलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांच्या पांढऱ्या शर्टाला. सलूनमधून केस वाळवायचं मशीन आणलं, तर प्लास्टिक फडफडत राहिलं आणि माझीच भुवई भाजली. शेवटी आठवलं, आमचा एक मेंबर शिरवण्याजवळच्या साबणाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पिशवीत ते खोकं आणि लाच म्हणून मारधाडीचे दोन पिक्चर टाकून रिक्षाने गाठला त्याला.

"ही कुठली वडी?" त्याने विचारलं.

"साबणच समज."

त्याने खोकं पट्ट्यावर ठेवलं. ते एका गरम बोगद्यात शिरलं आणि पलीकडून असं घट्ट, चकचकीत बाहेर आलं की कुवेतच्या दुकानदारानेही मान खाली घातली असती. खोकं हलकं लागलं नाही का, असं तुम्ही विचाराल. घाबरलेला माणूस वजन करत नाही. फक्त त्याला मोगऱ्याचा वास येत होता. ठरल्याप्रमाणे संध्याकाळी मुलीने खोका नेला आणि मी पेढे खाल्ले.

रविवारी संध्याकाळी भाभींचं बोलावणं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो (दुसरा). अब्बा उंच, शांत गृहस्थ. शोकेसमध्ये अख्खा देवमासा. माझ्या हातात सरबत.

"तुम्ही इतकं सांभाळलंत," ते म्हणाले. "म्हटलं, शेवट बघायला तुम्हीही पाहिजेत."

मी जीभ चावून, काय त्यात, असं केलं. मुलीने तेरावी कॅसेट दोन्ही हातांनी आणली. अब्बांनी ती हातात घेतली, नाकाशी नेली.

"मोगरा?"

"आमच्याकडे अगरबत्ती लावतो," मी म्हणालो. "भिंतीला."

मुलीने प्लास्टिकला नख लावलं. अगदी हळू. कर्रर्र. खोकं उघडलं, वाकडं केलं, आणि तिच्या मांडीवर एक थर्माकोल पडला.



अब्बांचा चेहरा लाल झाला. "तो दुकानदार. वीस वर्षं ओळखतो मी त्याला. सील करून थर्माकोल विकला मला? जातो ना परत, बघतोच."

माझी सुटका ताटात वाढून समोर आली होती. फक्त मान हलवायची होती. मी ती हलवलीही, निम्मी. तेवढ्यात मुलीने थर्माकोल उलटा केला. तिच्याकडे, माझ्याकडे, आणि बहुतेक साऱ्या नवी मुंबईकडे बघत होता माझा गोल, जांभळा, ठसठशीत शिक्का.

"अंकल," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. सील, रंग, इस्त्री, साबण. भाभी पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि आतून जो आवाज आला तो रडण्याचा खासच नव्हता. मुलीचे डोळे मात्र भरले होते. त्या कार्टूनमध्ये असतात तेवढे मोठे झाले होते.

"कॅसेट कुठाय?"

"बोनकोडेला."

"पुसली असेल?"

याचा मी विचारच केला नव्हता. काकांचा धाकटा मुलगा टीव्हीवरच्या मॅचेस मिळेल त्या कॅसेटवर रेकॉर्ड करायचा. मी सरबत खाली ठेवलं.

रिक्षात ती अब्बा आणि माझ्या मध्ये बसली, थर्माकोल छातीशी धरून. एवढ्याशा अंतरात मी तीन नवस बोललो.

काकांच्या दारात चपलांचा ढीग. आत पंधरा-वीस जणं आणि टीव्हीवर, देवाची कृपा, देवमासा. काकांनी मान वळवली. "ये लायब्ररी. सातव्यांदा लावलाय, पन कलत नाय. चिठ्ठी कुठंय हिची?"

मी पाहुण्यांची ओळख करून दिली. अब्बांना अरबी येतं म्हटल्यावर काकांनी खाटेवरच्या दोन नातवंडांना उठवलं. "बसा भाई. पोरी, तू पन बस. आता मागं घेवा."

"एक अट," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "फक्त अब्बा बोलणार."

अख्खं बोनकोडे गप्प बसलं. तिने अब्बांच्या खांद्याला खांदा लावला. मी दारात चपलांशेजारी, पळायला सोपं जावं म्हणून.

अब्बा हळूहळू सांगत गेले. "तो म्हातारा म्हणतोय, मासा मी विकून टाकला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "आजोबा?"

"आजोबा नाही, तोच हरामखोर. पहिल्या कॅसेटपासून. काळा कोटवाला इंजिनिअर आहे. मासा त्यानेच बांधला."

"कलस चोरला नाय त्यानं?"

"कसला कळस?"

अब्बांच्या दर वाक्याला सगळ्या माना टीव्हीकडून माझ्याकडे वळत होत्या. आखूड केसांचा शूर मुलगा हा मुलगा नव्हे, मुलगी आहे, आणि तीही काळ्या कोटवाल्याचीच, हे कळल्यावर मोठ्या सुनेने चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या दिशेने भिरकावला. खाटेवरून पहिल्यांदा हसू ऐकू आलं. भाभींची मुलगी अब्बांच्या बाहीत तोंड लपवून खदखदत होती.

शेवटी मासा ढगांतून खाली उतरला. काळा कोटवाला दारात उभा. ती आखूड केसांची पोरगी त्याच्यासमोर येऊन एक वाक्य बोलली आणि चित्र थांबलं. अब्बाही थांबले.

"काय म्हणते?" मुलीने विचारलं.

"मागे घे." परत लावलं. "अजून एकदा." चष्मा काढून पुसला. "म्हणते, जेवलास का?"

काका वैतागले. "तेरा कॅसेटी लावून येवराच?"

"मंग दुसरा काय इचारनार?" काकी म्हणाल्या आणि भात लावायला उठल्या. आम्ही तिघेही तिथेच जेवलो. बोंबलाचं कालवण. मला रस्सा कमी वाढला गेला.

शिक्षा मुलीने दिली. बाराही चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या, अब्बा सांगतील तशा, त्यांच्या घरी बसून. दोन आठवडे रोज संध्याकाळी मी शाळेत गेलो. पाचव्या चिठ्ठीत मी सवयीने एक छोटीशी चोरी घातली, तर तिने लाल पेनाने खोडली.

बारा कॅसेटी तिने परत दुकानात दिल्या. तेरावी घरीच राहिली. भिंतीवरच्या रिकाम्या जागेत तिने स्वतःच्या हाताने माझा तो थर्माकोल उभा केला. त्याच्या कडेवर निळ्या बॉलपेनने काढलेली शेपूट, शेजारच्या खोक्याशी बरोबर जुळवलेली. मधोमध माझा शिक्का. खाली भाडं: चौदा रुपये.

पुढच्याच आठवड्यात एका मेंबरने ती तेरावी भाड्याने मागितली.