दुसऱ्याच्या दारातला कडुनिंब

हिरा ओव्हाळ महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाली. वॉर्डात तिचा एक दंडक होता. पेशंट कितीही म्हातारा असो, त्याला स्वतःला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. "त्यांना काय कळतंय, तुम्ही करा सुरू," म्हणणाऱ्या कित्येक मुलांना तिने खाटेपासून दूर उभं केलं होतं.

निवृत्तीनंतर तिने आणि दशरथने वाघोलीत घर बांधलं. दशरथ पोस्टातून रिटायर झालेला, माणसांत रमणारा. पण लकव्याने त्याचा उजवा पाय गेला आणि तो खुर्चीला खिळला. घरात त्याचा जीव घुसमटायचा, अन् अंगणात उन्हाचा नुसता रखरखाट. लेक दीक्षा बेंगळुरूहून फोनवर म्हणाली, हल्ली मोठी वाढलेली झाडं मुळासकट आणून लावतात. दशरथला पिंपळ हवा होता. त्याची मुळं घराच्या पायात शिरतील म्हणून हिराने त्याला कडुनिंबावर राजी केलं. रोप लावायचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. सावली यायची वाट बघायला दशरथकडे तेवढी वर्षं नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

नर्सरीवाला सूरज तिला पलीकडच्या एका गावात घेऊन गेला. अवधूत नावाच्या माणसाला घरापुढे भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या, म्हणून तो दारातला कडुनिंब द्यायला निघाला होता. झाड डेरेदार होतं. हिराने बघताक्षणी दशरथची खुर्ची त्याच्याखाली मांडून पाहिली, मनातल्या मनात. मग तिचं लक्ष ओट्यावर गेलं. अवधूतचा बाप गेनबा तिथे झाडाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"बाबांना चालणार आहे ना?" तिने अवधूतला विचारलं.

"त्यांना काय कळतंय," अवधूत म्हणाला.

ओटा चार पावलांवर होता. हिरा तिकडे गेली नाही.

झाडाच्या फांद्या छाटल्या, मुळं मातीसकट गोणपाटात बांधली आणि क्रेनने उचलून ते वाघोलीला आणलं. खड्ड्यात उभं करून बांबूंचे टेकू दिले. उरलासुरला पाला गळाला तेव्हा हिरा मनातून घाबरली. झाड मेलं तर ते आपल्यामुळेच, असं तिला वाटत राहिलं. पुढे तांबूस पालवी फुटली, हळूहळू सावली धरली. दशरथ दिवसभर तिथे बसू लागला, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारू लागला. आता तरी मन निवेल असं तिला वाटलं होतं. पण दशरथ सावलीत हसताना दिसला की तिला भिंतीकडे तोंड केलेला म्हातारा दिसायचा. ती चहा आणून द्यायची आणि आत निघून जायची.

शेवटी तिने दशरथला सगळं सांगितलं. त्याने मान वर करून फांद्यांकडे पाहिलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात," हिरा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती अवधूतच्या गावी गेली. झाडाच्या जागी खोल्यांच्या भिंती उठल्या होत्या. गेनबा पत्र्याच्या पडवीत घामाघूम होऊन बसला होता. तिने हात जोडले. तुम्हाला विचारायला हवं होतं, असं म्हणाली.

"इचारलं असतं तर मी नाय म्हनलो असतो," गेनबा शांतपणे म्हणाला. "म्हनूनच कुनी इचारलं नाय." मग त्याने विचारलं, "जगलं का?"

त्या प्रश्नाने हिराला धीर आला. तिने त्याला रिक्षात बसवून घरी आणलं. दशरथने हट्टाने आपली खुर्ची त्याला दिली आणि स्वतः हिराच्या आधाराने पायरीवर टेकला. गेनबा बसला नाही. खोडावरून हात फिरवत तो झाडाभोवती हिंडला, एका जुन्या गाठीपाशी थांबला, तिला कपाळ लावून उभा राहिला. चहा त्याने घेतला नाही. हिराने विचारलं, दर आठवड्याला रिक्षा पाठवू का.

"नगं, बाई," तो म्हणाला. "तवा मी पाठ फिरवून बसलो हुतो, बघितलं नव्हतं. आज बघून माघारी जायाचंय. परत बोलवू नगा."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली. दशरथ पायरीवरच बसून होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आपल्याला बरं वाटावं म्हणून आणलं आपण त्यांना, हिरा."

तिने त्याला हात देऊन उठवलं. त्याला परत सावलीत बसवणं भाग होतं, कारण ऊन पायरीवर आलं होतं.