मासेमारीचा परवाना आणि परतीचा डबा

या देशात माझ्या स्वतःच्या नावावर सरकारने दिलेली एकच परवानगी आहे, आणि ती मासे पकडायची आहे. बाकी सगळं नवऱ्याच्या जिवावर. व्हिसा त्याचा, त्यावर मी. भाडेकरार त्याचा, त्यात मी. कागदोपत्री तो माझा स्पॉन्सर आहे, आणि भांडण झालं की ही गोष्ट त्याला हमखास आठवते. त्यामुळे अबूधाबीत हौशी मासेमारीचा वर्षाचा परवाना मिळतो, फोनवरून अर्ज केला की खलास, हे कळलं तेव्हा मी गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि आधी अर्ज केला.

माझं माहेर मुरुडकडचं. लहानपणी खडकावर बसून गळ टाकायचो तेव्हा कुणी परवाना विचारत नसे. आई फक्त अभ्यास झाला का ते विचारायची. नवरा पुण्याचा, पक्का शाकाहारी आणि बँकेत कम्प्लायन्सला. म्हणजे इतरांनी नियम मोडले नाहीत ना, हे बघण्याचा त्याला पगार मिळतो. घरी तो हेच काम फुकट करतो.

परवान्याच्या अटींखाली मी 'मान्य' दाबून मोकळी झाले होते. त्याने त्या रात्री जेवणं होईपर्यंत दम धरला आणि मग सगळ्या अटी सत्यनारायणाच्या कथेसारख्या वाचून दाखवल्या. गळ आणि दोरी चालेल, जाळं नाही. मापापेक्षा लहान हामूर, म्हणजे आपला गोब्रा, परत पाण्यात. शेरी आणि साफी या माशांना विणीच्या दिवसांत हात लावायचा नाही. बंदरात गळ टाकायचा नाही. आणि पकडलेला मासा विकायचा नाही. शेवटची अट त्याने दोनदा वाचली. मी जणू टोपली डोक्यावर घेऊन आमच्या खलिफा सिटीत ओरडत फिरणार होते.

मला गाडी येत नाही, म्हणून शनिवारी पहाटे तोच मला किनाऱ्यावर न्यायचा. घडीच्या खुर्चीवर बसायचा, मांडीवर शिंप्याची टेप. मी मासा वर काढला की तो नाकाला रुमाल लावून पुढे यायचा. मासा बिचारा तडफडतोय आणि हा शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं की खाचेपर्यंत, यावर विचार करतोय. त्याच्या या विचारांपायी माझे दोन चांगले मासे हातातून निसटले आहेत.

पण खरी गोष्ट शेजारच्या खालाची आहे.

आम्ही राहतो तो एक जुना व्हिला आहे, आतून भिंती घालून त्याचे फ्लॅट केलेले. शेजारच्या दारात रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब राहतं. मुलगा आणि सून दोघं नोकरीला. मुलाचे वडील गेल्यावर त्याने आईला इकडे आणलं, व्हिजिट व्हिसावर. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी विचारलं, "खाला, दिवसभर काय करता?" ती म्हणाली, "काय करत्ये? बसत्ये नि खात्ये."

या बसण्याखाण्याचाच तिला वीट आला होता. व्हिसा संपला की परत जायचं, रत्नागिरीचं बंद घर उघडायचं आणि एकटीने राहायचं, असं तिने मुलाला सांगून टाकलं होतं. तिला तिथे बीपी बघणारंसुद्धा कुणी नव्हतं. मुलगा एकदा जिन्यात मला म्हणाला, "भाभी, तुम्ही तरी समजवा. मी पर्मनंट व्हिसा लावायला तयार आहे. ती फॉर्मवर सहीच करत नाही." मी हो म्हटलं, पण त्याच्यासाठी नाही. मलाच ती हवी होती. माशाच्या कालवणात त्रिफळं घालावीत की नाही यावर भांडायला या अख्ख्या व्हिल्यात मला दुसरं माणूस नव्हतं.

मला पहिली धड शेरी मिळाली तेव्हा अर्धी मी खालाला डब्यातून दिली. घरात खाणारी मी एकटी, कारण मुलीला मासा बोनलेस लागतो आणि समुद्रात तसा येत नाही. संध्याकाळी डबा परत आला तो सांदणांनी भरून. तांदळाची, नारळाच्या दुधातली, पिवळीधमक, बोटाने दाबली तर वर येणारी. रिकामा डबा कुणी परत देतं का? पुढच्या शनिवारी मासे गेले, घावन आले. मग पुन्हा सांदणं. सून सांगत होती, अम्मी आता शुक्रवारीच तांदूळ भिजवतात आणि सकाळपासून खिडकीतून तुमची गाडी बघतात.

महिनाभर बरं चाललं. मग एका शनिवारी नवऱ्याने तिसरं सांदण संपवलं, बोटं चाटली आणि म्हणाला, "हे लीगल नाहीये."

"काय?"

"आपण मासे देतो, बदल्यात वस्तू येते. धिस इज कन्सिडरेशन. पैसे नसले तरी ही विक्रीच. लायसन्स तुझ्या नावावर आहे, पण स्पॉन्सर मी आहे."

"ममा, दॅट्स नॉट इव्हन अ सेल," मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

ऑफिसात हा माणूस दिवाळीच्या मिठाईचा डबाही गिफ्ट पॉलिसी दाखवून परत पाठवतो. त्याच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. पण तो खालाच्या दारात जाऊन स्वतः सांगेल, असं मला वाटलं नव्हतं. त्याने सांगितलं. अगदी अदबीने, हात जोडून: "खाला, राग मानू नका, पण यापुढे आमचा डबा रिकामाच द्या." का ते सांगताना त्याने इतके इंग्रजी शब्द वापरले, की तिला त्यातलं काही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी डबा आला. घासलेला, पुसलेला, रिकामा. सून देऊन गेली. खालाचं दार उघडेना. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, अम्मीने तिकीट बघायला सांगितलंय.

माझा संताप संताप झाला. त्या दिवशी नवऱ्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढं बोलून मी तडक शेजारी गेले आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहिले. खाला पलंगावर बसली होती. म्हणाली, "जाऊं दे गो बाय. त्यांना चालत नसेल माझ्या हातचं. मला समजायला हवं होतं."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि तिच्या डोक्यात आठवडाभर तेवढंच होतं. "चालत नाही?" मी म्हटलं. "खाला, तीन सांदणं खाल्लीन त्याने, मग कायदा आठवला!" आणि मी तिला परवान्याची अट, विक्री, बदल्यात वस्तू, सगळं शुद्ध मराठीत सांगितलं. ती ऐकत होती. डोळे भरलेले होते, पण हळूहळू त्यांत काहीतरी लबाड चमकायला लागलं.

"म्हंजे तुझे मासे आले, मग माझा डबा गेला, तर गुन्हा."

"हो."

"नि माझा डबा आधी गेला तर?"

शुक्रवारी संध्याकाळी खाला स्वतः दारात उभी. हातात तिच्या घरचा डबा, त्यात सांदणं. "मासे नकोत हां मला," नवऱ्याला म्हणाली. "ही अशीच आणल्यात. खावा." त्याने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या नियमात हे कुठे बसत नव्हतं. त्याने सांदण उचललं.

शनिवारी वारा सुटला होता. समुद्र गढूळ, गळाला लागलेली दोन्ही हामुरं टेपेला कमी पडली, ती परत पाण्यात. घरी आलो तर ओट्यावर खालाचा रिकामा डबा. तो रिकामा परत जाणार नव्हता, हे पुण्याच्या माणसालाही कळत होतं. त्याने किल्ली घेतली आणि तासाभराने आला तो पिशवीतून सुरमईचे तुकडे घेऊन. जन्मात पहिल्यांदा तो मासळीबाजारात गेला होता. तुकडे त्याने डब्यात भरले आणि स्वतःच शेजारी नेऊन दिले. मी मागोमाग गेले, ही मजा मी सोडणार नव्हते.

खालाने डबा उघडला, वास घेतला. "काय हो जावई, तुमच्याकडे सुरमई तुकडे होऊनच गळाला लागते वाटतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही, म्हणजे... विकत आणली. विकत आणलेली दिली तर चालतं."

"कितीला?"

त्याने दिरहम सांगितले. तिने ओठ हलवत मनात रुपये केले आणि कपाळावर हात मारला. "लुटलान मेल्यानं! नि ताजी पण नाय ही. गालफडं उघडून लाल आहेत का बघितलंत?"

"कुणाची?"

खाला इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मग तिने आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली: "अरे, तो फारम कुठे ठेवलास? आण, सही करत्ये. ह्या माणसाला एकट्याला बाजारात सोडून जाण्यासारखं नाय."