सुकलूला पाहायचं होतं जंतूचं मढं

गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या अलीकडच्या एका गावात सुकलू ढिवर राहायचा. पाण्यात हात घातला की मासा घेऊनच वर काढणारा गडी! दोन हजार दोन सालच्या धानकापणीत त्याची बायको बुधरी डोक्यात चढलेल्या मलेरियानं तीन दिवसांत गेली. लोकांनी नशिबाला बोल लावला. सुकलूनं नाही. डॉक्टरनं रक्तातला जंतू सांगितला ना, मग खुनी तोच. त्याचं मढं आपल्या डोळ्यांनी पाहायचं, एवढंच त्यानं मनात धरलं.

पुढच्या आषाढात चंद्रपूरच्या रुबीनाबाई आल्या. नागपूरच्या प्रयोगशाळेत त्यांचं संशोधन चाले. बेडकाच्या कातडीवरच्या चिकट रसात पेप्टाइड असतात, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे. त्या तुकड्यांनी मलेरियाचा जंतू मरतो का, हे बाईंना पाहायचं होतं.

"मेला तर दाखवान का मले?" सुकलूनं विचारलं.

"दाखवीन, भाऊ. आधी बेडूक तर आणा."

झालं! गडी धानाच्या बांध्यांत शिरला आणि चाळीस बेडूक घेऊन आला. बाईंनी कातडीवरून नमुने घेतले, बेडूक सोडून दिले. महिन्यानं परतल्या त्या तोंड पाडून.

"एकही नाई मेला, भाऊ."

"काऊन नाई मेला?" सुकलू गरजला.

"कातडीवर रसच नव्हता. तुमी पकडता कसे?"

सुकलूनं तळवे पुढे केले. चुलीची राख! मासा निसटू नये म्हणून ढिवर हाताला राख चोळतो, ही बापजाद्यांची रीत. त्या राखेनं सगळा रस पुसून नेला होता.

शेजारचा बिरजू खिदळला, "वा रे सुकलूभाऊ! वैऱ्यावर चालवाची कुऱ्हाड आपल्याच हातानं बोथट केली!"

सुकलूनं राखेचा डबा भिरकावला. मग नुसत्या ओल्या हातांनी, दहा निसटले तर एक धरत, चिखलात आठवडाभर लोळला.

दसऱ्याआधी बाईंचा निरोप आला. वडशावरून गाडी धरून त्यानं नागपूर गाठलं. सूक्ष्मदर्शकात दिसला गुलाबी चकतीतला, म्हणजे रक्तपेशीतला, जांभळा ठिपका.

"हाच? एवढ्याशानं माह्यी बुधरी नेली?"

बेडकाचा रस घातलेल्या दुसऱ्या काचेवर तेच ठिपके, पण फुटलेले, चुरा झालेले. सुकलू दात दाखवून हसला.

"भाऊ, हे काचेवरचं आहे," बाई म्हणाल्या. "औषध व्हायले लय वर्षं लागतील. होईलच असंही नाई."

"मरताना त्याले दुखलं असन ना, बाई?"

"त्याले कायचं दुखते? काहीच समजत नाई त्याले."

सुकलूचं हसू विरलं. वर्षभर पोसलेलं वैर, आणि वैऱ्याला पत्ताच नाही! मग उठला.

"मंग एवढ्यानं नाई भागत. सगळेच मारा लागन. सांगा, आणखी किती बेडूक पायजेत?"