हजेरीला मी ‘हाय’ म्हणाले

"हाय, सर."

हजेरीला मी एवढंच म्हणाले. आमच्या जत तालुक्याकडं ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. पण कंपनीकडून आलेल्या ट्रेनरनं मान वर केली, हात हलवला आणि नाटकी आवाजात म्हणाला, "हाय! हाऊ आर यू?"

अख्खा वर्ग खिदळला.

"घरी काय करतात?"

"मेंढरं हायती, सर."

"मग मेंढरं हाकायची भाषा गेटबाहेर ठेवून यायची."

पुन्हा सगळे हसले. मीही हसले. त्यांचं हसणं मी कधीच विसरले असते, पण माझं स्वतःचं विसरता येत नाही.

सांगलीच्या आमच्या कॉलेजनं एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीशी करार केला होता. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला सहा महिने तिथं प्रत्यक्ष काम शिकायचं. त्याचे गुण पदवीत धरणार, आणि मग नोकरी. त्या दिवशीच ट्रेनरनं दोन याद्या केल्या. ज्यांची जीभ गुळगुळीत, ते लॅबमध्ये. बाकीचे पॅकिंगला. मी पॅकिंगला.

लॅबचं दार गळ्यातलं कार्ड लावलं की उघडायचं. माझं कार्ड लावलं की लाल दिवा लागायचा. काचेपलीकडची माणसं एकदा बघायची आणि खाली मान घालायची. सहा महिने मी बाटल्यांना लेबलं चिकटवली. साहेबांची मीटिंग असली की कप विसळले. एकदाच आत नेलं. पांढरा कोट चढवला, हातात परीक्षानळी दिली, फोटो काढला आणि कोट उतरवून घेतला.

मला वाटायचं, दोष माझ्या जिभेचा. आरशासमोर उभी राहून ‘आहे, आहे’ घोकायचे. एकदा घरी फोन लावला.

"आप्पा, मी बरी आहे. तुम्ही कसे आहात?"

पलीकडं नुसती मेंढरांची बेंबें. मग वडील जपून म्हणाले, "कोन बोलतंय?"

बापाला लेकीचा आवाज कळेना. त्या दारानं मला आत तर घेतलं नव्हतंच, घरातूनही बाहेर काढायला निघालं होतं.

"आवं आप्पा, मी हाय!"

"व्हय का! मला वाटलं ब्यांकेतली बाई."

आप्पा हसले. मी फोन ठेवून रडले.

शेवटच्या आठवड्यात कॉलेजमध्ये नोकऱ्यांचं बघणाऱ्या मॅडमनी फॉर्म पुढं केला. ‘प्रयोगशाळेतील कामाचे पूर्ण प्रशिक्षण मिळाले आहे का?’ पुढं रिकामी जागा, खाली सही.

"हो लिही आणि सही कर. करार पुढच्या वर्षीही चालू ठेवायचाय."

"मॅडम, मला आतच घेतलं न्हाई."

"सगळ्यांनी केलीय सही. इंटर्नलचे गुण आमच्याकडून जातात, विसरू नकोस." अगदी मायेनं म्हणाल्या. त्या मायेचीच मला भीती वाटली.

पेन घेतलं. रिकाम्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं : न्हाई.

"अगं, निदान शुद्ध तरी लिही."

"वाचता आलं न्हवं तुमास्नी?"

माझा निकाल राखून ठेवलाय. कारण कुणी सांगत नाही. ऑफिसात गेलं की पुढच्या आठवड्यात ये म्हणतात. पदवी मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण कॉलेजच्या गेटवर भला मोठा फलक लागलाय. त्यावर मी आहे, पांढऱ्या कोटात, हातात परीक्षानळी. खाली लिहिलंय, ‘आमची विद्यार्थिनी, उद्योगासाठी सज्ज.’ परवा आमच्याच तालुक्यातली एक पोरगी त्याच्याकडं टक लावून बघत होती. हातात प्रवेशाचा अर्ज.

"दीदी, ही तुमीच का?"

"मीच हाय. पर कोट माझा न्हाई."

तिला सगळं सांगितलं. शिपायानं हटकलं, तरी पुरतं सांगूनच थांबले. प्रवेश संपेपर्यंत रोज त्या फलकाखाली उभी राहणार आहे. आतून कुणी येऊन विचारेल, कोण आहे तिथं?

मी हाय.